चाचणी

आदल्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात
कंदिलाची वात वर करत डोईफोडे सर म्हणाले,
पेपर ठेवायला पाहिजे, मॅडम. सोपा, पाच मार्कांचा.
ज्याला वाचता येत नाही, त्यानं राज्य कशाला निवडावं?
मी हसले. आणि खरं सांगते, पटलंही.
टाचणवहीच्या शेवटच्या पानावर
मीच काढले प्रश्न :
एक, आपल्या जिल्ह्याचे नाव लिहा.
दोन, खालील उतारा मोठ्याने वाचा.
तिसऱ्यापाशी डास फार झाले.

सकाळी सात. लाखेचा वास, नवी पेटी.
माझ्याकडं शाई आणि रजिस्टर.
येत असेल तर सही, नसेल तर अंगठा,
अंगठा पुसायला चिंधी एकच.
दहा वाजेपर्यंत ती वांग्यासारखी झाली.

अनुक्रमांक दोनशे सतरा,
मारोतप्पा इरबा तोटावार.
मी न विचारता पॅड पुढं केलं.
त्यांनी ते बोटानं बाजूला सारलं, पेन मागितलं,
रकान्याच्या उजव्या कडेला टेकवलं
आणि नाव उलट्या अंगानं चालत आलं,
वर दोन ठिपके, खाली तीन,
जसं कुणी शेतावरून घराकडं निघावं.

सर उठून आले. हे काय?
सही, म्हणाले. उर्दूतली.
चौथी जमात पास हाय मी, देगलूरच्या मदरशात.
तेव्हा तेवढंच शिकवीत.
गावात कुणाचं खत आलं की
माझ्याच दारात बसायचे ऐकायला.
मग त्या सप्टेंबरात पलटण आली, राज बदललं.
चांगलंच झालं की. पण बाई,
रात्री शिकलेला झोपलो
अन् उठलो तर चावडीवरची पाटी मला ओळख देईना.

रडून नाही सांगितलं हे.
घाईत होते, बैलांना पाणी दाखवायचं होतं.

उतारा कोणत्या लिपीत,
मी लिहिलं नव्हतं.
लिहायचं असतं, हेच सुचलं नव्हतं.

दुपारी उन्हात रांग भिंतीला चिकटली.
नरसाबाई पोशट्टी आली. अंगठा उठला,
पण रेघाच नाहीत त्यात,
नुसता जांभळा गोळा.
बिड्या वळून वळून गेल्या, म्हणाली.
निरक्षर असल्याची खूणसुद्धा
बाईला नीट ठेवू दिली नव्हती कुणी.
मतपत्रिका हातात घेऊन तिथंच थांबली :
मॅडम, तुम्ही शाळेच्याच का? मग उद्या राहता का?
नातीला दोन साल झालं, मास्तरच नाही.
त्याच्यासाठीच तर आले मी.

माझ्या पाठीमागं फळा होता.
वळून पाहिला तेव्हा कळलं,
कोपऱ्यातली तारीख मागल्या साली पुसायची राहिलेली.

सगळंच गोड नव्हतं, हेही सांगते.
तिघीचौघींनी विचारलं, शिक्का नेमका कुठं मारू?
मला बोलायची मुभा नव्हती.
त्यांची मतं बाद झाली असतील.
ते अजून सलतं, तांदळातल्या खड्यासारखं.
आणि बी.ए. झालेला एक पोरगा
इस्त्रीच्या शर्टात आला,
पाटलानं सांगितलेलं चिन्ह ओठात घोळवत,
सही मात्र झोकदार, खाली दोन रेघा.

सहाशे बारा मतं. तीनशे चाळीस अंगठे.
ट्रकमध्ये पेटीशेजारी बसून
मी ते पान फाडलं. पुड्या बांधायला दिलं असतं,
पण मागल्या बाजूला सातवीची वजाबाकी होती.

महिन्याभरानं तहसिलीतल्या कारकुनानं सांगितलं,
डोईफोडे सरांचं टपाली मत उघडलंच नाही.
घोषणापत्रावर साक्षांकन राहिलं होतं.
माझंही तसंच.

सूचना चार पानी होत्या,
शुद्ध मराठीत.
आम्ही दोघांनी वाचल्या होत्या.